चाकोरी आणि पांढऱ्या वाटा

'चाकोरी' हा शब्द मराठी समीक्षेत आता केवळ दूषणापुरता उरला आहे. एखाद्या कवितासंग्रहाला 'चाकोरीबद्ध' म्हटले की त्याची वासलात लागते. 'चाकोरीबाहेरचा' म्हटले की त्याचा गौरव झाला असे आपण धरून चालतो. शब्दामागची वस्तू मात्र डोळ्यांपुढून नाहीशी झाली आहे. बैलगाडीच्या चाकांवर चढवलेल्या लोखंडी धावा मातीच्या रस्त्यात वर्षानुवर्षे ज्या दोन समांतर, खोलगट रेघा पाडत, त्या रेघा म्हणजे चाकोरी. तिच्यात बैलांना हाकावे लागत नसे, चाक आपोआप चाले, आणि गाडीवानाला डुलकी घेता येई. या डुलकीमुळेच बहुधा शब्दाची बदनामी झाली असावी. डांबरी रस्त्यावर चाकोरी पडत नाही. डांबर कोणत्याही चाकाची स्मृती ठेवत नाही, हा त्याचा गुणही आहे आणि निर्ममताही.

या विस्मृत वस्तूची गाठ आज पुन्हा पडते ती अगदी अनपेक्षित ठिकाणी. गेल्या दोनअडीच दशकांत 'ग्रॅव्हल' या नावाने ओळखला जाणारा सायकलिंगचा एक प्रकार रूढ झाला आहे. डांबरी रस्ता सोडून खडीच्या, मुरमाच्या, मातीच्या निवांत वाटांनी लांब पल्ल्याचा प्रवास करावयाचा, एवढेच त्याचे सार. त्यासाठीची सायकल दिसावयास शर्यतीच्या सायकलीसारखीच असते. हँडल तसेच खाली वळलेले, सांगाडा तसाच हलका. परंतु टायर रुंद, पस्तीस ते पन्नास मिलिमीटरच्या घरातला. त्यात हवा कमी. गियर चढाला सोसतील असे हलके. आणि ब्रेक डिस्कचे. कमी हवेचा रुंद टायर खड्याला उडवून लावत नाही, तो खड्याभोवती स्वतः थोडा वाकतो. अशा वाटेवर स्वाराची नजर सतत ज्या एका गोष्टीच्या शोधात असते ती म्हणजे चाकोरी. मोटारींच्या आणि ट्रॅक्टरांच्या चाकांनी दाबून घट्ट केलेल्या दोन पट्ट्या असतात. त्यांच्या मधोमध आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला सुट्या खडीचे वरंबे साचलेले असतात. पट्टीवर राहावे तर चाक स्थिर चालते. वरंब्यावर गेले तर पुढचे चाक फरफटते. चढावर उभे राहून पायडल मारण्याची सवय येथे सोडावी लागते, कारण अंगाचा भार मागच्या चाकावरून सुटताच ते जागच्या जागी फिरू लागते. उतारावर वाहने ब्रेक लावतात तेथे पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा तयार होतात, आणि त्यांवरून जाताना मनगटांपासून दातांपर्यंत सारे शरीर थरथरते. थोडक्यात, चाकोरीत राहणे हे येथे आळसाचे लक्षण नसून अवधानाचे आहे.

व्हिक्टर श्क्लोव्हस्की या रशियन रूपवाद्याने १९१७ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात अपरिचितीकरणाची कल्पना मांडली, तेव्हा सवयीने बधिर झालेल्या संवेदनेला वस्तूचे वस्तूपण परत मिळवून देणे हे कलेचे कार्य मानले. त्याचे उदाहरण दगडाचेच होते, आणि अन्यत्र त्याने कलेच्या मार्गाची तुलनाही पायाला खडे जाणवणाऱ्या वाकड्या रस्त्याशी केली आहे. हा दृष्टान्त आपल्या वर्गांतून अनेकदा शिकवला जातो. त्याचे शब्दशः आचरण करणारी माणसे जगात आहेत, ही गोष्ट मात्र बहुधा शिकवणाऱ्याच्या गावी नसते.

अशा वाटांचे सर्वांत प्रसिद्ध जाळे इटलीतील तोस्काना प्रांतात, फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन नगरांमधल्या किआंती नावाच्या डोंगराळ टापूत आहे. त्यांना तेथे 'स्त्रादे बियांके' म्हणजे पांढरे रस्ते म्हणतात. पांढरे, कारण या डोंगरांतील 'अल्बेरेझे' नावाचा चुनखडक आणि 'गालेस्त्रो' नावाचा पापुद्र्यांनी सुटणारा खडक यांचाच चुरा त्यांवर पसरलेला असतो. उन्हाळ्यात त्यांची धूळ कडेच्या द्राक्षवेलींच्या आणि ऑलिव्हच्या पानांवर पिठासारखी बसते. पावसात त्याच धुळीचा चिकट रेंदा होतो. रादा हे या टापूतले एक जुने डोंगरमाथ्यावरचे गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे ५३० मीटर उंचीवर, तटबंदीच्या खुणा अजून बाळगणारे. मध्ययुगात फ्लॉरेन्सच्या आधिपत्याखालील किआंती संघाचे हे मुख्य ठाणे होते. रादा, गायोले आणि कास्तेल्लिना असे त्या संघाचे तीन भाग. येथील न्यायाधिकाऱ्याच्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर एकामागून एक येऊन गेलेल्या अधिकाऱ्यांची कुलचिन्हे अजून जडवलेली आहेत.

फ्लॉरेन्स आणि सिएना यांची सीमा कशी ठरली याची जी दंतकथा तेथे सांगतात ती रस्त्याविषयीचीच आहे. पहाटे कोंबडा आरवताच दोन्ही नगरांतून एकेक घोडेस्वार निघावा आणि ते जेथे भेटतील तेथे सीमा मानावी, असे ठरले. सिएनाने पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला भरपूर खाऊ घातले. फ्लॉरेन्सने काळा कोंबडा निवडून त्याला उपाशी ठेवले. तो भुकेने पहाटेच्या कितीतरी आधी आरवला. परिणामी फ्लॉरेन्सचा स्वार सिएनाच्या अगदी जवळ, फोन्तेरुतोलीपर्यंत, येऊन पोहोचला, आणि जवळजवळ सारा किआंती फ्लॉरेन्सला मिळाला. आज तोच काळा कोंबडा किआंती क्लासिको या मद्याच्या बाटल्यांवर मुद्रा म्हणून मिरवतो. त्याच्या उपासमारीचा उल्लेख बाटलीवर अर्थातच नसतो.

या रस्त्यांना जगाच्या नकाशावर आणले ते 'लेरोइका' या उपक्रमाने. १९९७ मध्ये ज्यांकार्लो ब्रोच्ची यांनी गायोले गावातून तो सुरू केला तेव्हा ९२ स्वार जमले होते. आज ऑक्टोबरमध्ये हजारो येतात. त्याचे प्रयोजन दुहेरी होते: जुन्या सायकलिंगचे स्मरण, आणि डांबराच्या आक्रमणापासून पांढऱ्या रस्त्यांचे रक्षण. नियमही त्याला साजेसे आहेत. सायकल साधारणपणे १९८७ पूर्वीच्या बनावटीची हवी, गियरच्या कळा सांगाड्याच्या तिरक्या नळीवर हव्यात, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून गेलेल्या दिसाव्यात, पायडलवर पाय अडकवावयास पट्टे असावेत. वाटेत थांब्यांवर पाव, मद्य आणि 'रिबोल्लिता' नावाचे सार मिळते. शिळा पाव, घेवडा आणि कोबी पुन्हा उकळून केलेले हे एके काळचे गरिबांचे जेवण. २००७ मध्ये याच प्रेरणेतून व्यावसायिक स्वारांची शर्यत सुरू झाली. 'स्त्रादे बियांके' हेच नाव घेतलेली ती शर्यत आता दर मार्चमध्ये होते आणि सिएनाच्या शंखाकृती चौकात संपते.

एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने 'परंपरेचा शोध' ही संकल्पना अभ्यासकांच्या हाती दिली. त्यानंतर अशा उपक्रमांकडे पाहून ओठ मुडपणे फार सोपे झाले आहे. नियमाने जुनी ठेवलेली सायकल, नियमाने पांढरा ठेवलेला रस्ता, नियमाने गरीब ठेवलेले सार: सारी कृत्रिमता बोट ठेवून दाखवता येते. परंतु एवढ्यावर थांबणारी समीक्षा अपुरी ठरते. रस्ता काही खोटा नाही. तो पायाखाली आहे, त्यावर चाक घसरते, पावसात चिखल होतो. २०१० च्या जीरो द'इतालिया शर्यतीचा मोंताल्चीनोला संपणारा टप्पा भर पावसात या रस्त्यांवरून गेला तेव्हा विश्वविजेत्याचा इंद्रधनुषी सदरा घातलेला केडेल इव्हान्स विजयी झाला, पण चिखलाने माखलेल्या त्या सदऱ्याचे पट्टे ओळखू येत नव्हते. रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये फ्रान्सच्या सायकल शर्यतीचे महाकाव्य म्हणून वाचन केले होते, आणि त्या वाचनात भूगोलालाही एक पात्र मानले होते. त्यांना हा टप्पा आवडला असता.

तेव्हा प्रश्न रस्त्याच्या खरेपणाचा नाही. प्रश्न आहे तो त्यावरच्या शांततेचा. रादाहून वोल्पाइयाकडे चढत जाणाऱ्या वाटेवर, किंवा गायोलेहून ब्रोलियोच्या गढीकडे नेणाऱ्या सुरूंसारख्या सरळसोट सायप्रस वृक्षांच्या रांगेतून जाताना, स्वाराला ज्याचे अप्रूप वाटते ती ही निःशब्दता. तासन् तास वाहन भेटत नाही. टायरखाली खडी चुरचुरते, साखळी फिरते, आणि वळणावर एखादे दगडी घर दिसते. ही शांतता निसर्गाने दिलेली आहे असे समजून माणूस पुढे जातो. ती निसर्गाने दिलेली नाही.

या टापूची शेती शतकानुशतके 'मेत्साद्रिया' पद्धतीने चाले. मेत्सो म्हणजे अर्धा. जमीन मालकाची, राबणूक कुळाची, पीक निम्मेनिम्मे. आपल्याकडील अर्धेलीचाच हा प्रकार, मात्र एका महत्त्वाच्या फरकासह. कुळाचे घर गावात नसे. त्याला मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यातच असे, आणि त्या घराचा मालकही जमीनदारच. म्हणून डोंगरभर घरे विखुरली, आणि प्रत्येक घराला मालकाच्या कोठाराशी, गिरणीशी, चर्चशी जोडणारी वाट लागली. पांढऱ्या रस्त्यांचे जे दाट जाळे आज पर्यटनपुस्तिकांत 'निसर्गरम्य' म्हणून वर्णिले जाते ते वस्तुतः धान्याची अर्धी वाटणी वाहून नेणाऱ्या व्यवस्थेचे जाळे आहे. ब्रोलियोची गढी रिकासोली घराण्याकडे ११४१ पासून आहे. त्या घराण्यातील बेत्तीनो रिकासोली (१८०९–१८८०) एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले आणि १८७२ च्या एका पत्रात त्यांनी किआंती मद्यातील द्राक्षांच्या मिश्रणाचे सूत्र सांगितले. हे सूत्र सर्वांना ठाऊक असते. द्राक्षे कोणी खुडली हे सूत्रात येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० आणि १९६० च्या दशकांत, ही कुळे डोंगर उतरून गेली. शहरांत कारखाने होते, ठरलेला पगार होता, घरात नळ आणि वीज होती, आणि मुख्य म्हणजे अर्धा वाटा मागावयास कोणी येत नव्हते. १९६४ च्या कायद्याने मेत्साद्रियाचे नवे करार बेकायदा ठरवले. १९८२ च्या कायद्याने उरलेल्या करारांचे खंडात रूपांतर करण्याची वाट करून दिली. तोवर माणसे बहुतांशी गेली होती. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्याशी आणि १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'शी याची तुलना उद्बोधक आहे. आपल्याकडे कायद्याने, निदान तत्त्वतः आणि पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षात, कसणाऱ्याला जमीन मिळाली. तेथे कायदा आला तेव्हा कसणारा निघून गेला होता. आणि कुळे गेलेल्या वाटांवर डांबर घालण्याची निकड कोणाला वाटणार? पांढरे रस्ते पांढरे राहिले त्याचे एक कारण सौंदर्यदृष्टी हे असेल. त्याआधीचे आणि अधिक वजनदार कारण म्हणजे त्यांचा वापर करणारेच उरले नव्हते. पुढे रिकामी घरे परदेशी आणि शहरी खरेदीदारांनी घेतली, तळमजल्यावरच्या गोठ्यांची दिवाणखाने झाली. इंग्रजांची संख्या इतकी वाढली की टापूला थट्टेने 'किआंतीशायर' हे नाव पडले.

वोल्पाइया या तटबंदीच्या चिमुकल्या गावात तर ही प्रक्रिया एखाद्या रूपकासारखी साकारलेली आढळते. दर्शनी भाग मध्ययुगीन. दगड, कमानी, अरुंद बोळ, सारे जसेच्या तसे. परंतु त्या जुन्या भिंतींमागे मद्यनिर्मितीचा आधुनिक कारखाना सामावलेला आहे आणि पोलादी टाक्या जुन्या वास्तूंच्या पोटात उभ्या आहेत. रूप आणि आशय यांच्या अभेदाविषयी मराठी समीक्षेत जे वाद झाले, त्यांतील कोणाही पक्षाने या गावाची कल्पना केली नसेल. तरीही वोल्पाइयाची टवाळी करणे अन्यायाचे होईल. कारखाना नसता तर छपरे खचली असती आणि गाव उरलेच नसते. उघड्या पडलेल्या अवशेषापेक्षा आत काम चालू असलेला मुखवटा बरा, असे तेथे राहणाऱ्यास वाटले तर त्यात गैर काय?

ज्या सायकलीवरून हे सारे पाहिले जाते तिचाही इतिहास येथे विसरता येत नाही. व्हित्तोरिओ द सिका यांच्या १९४८ च्या 'बायसिकल थीव्ह्ज' या चित्रपटात सायकल नसेल तर भिंतीवर पत्रके चिकटवण्याची नोकरी नाही, आणि नोकरी नसेल तर घर नाही. त्याच वर्षी फ्लॉरेन्सजवळच्या पोन्ते आ एमा गावात जन्मलेल्या जीनो बार्ताली यांनी, १९३८ नंतर तब्बल दहा वर्षांनी, फ्रान्सची शर्यत दुसऱ्यांदा जिंकली. १९४३-४४ मध्ये ज्यू कुटुंबांना वाचवण्यासाठी बनावट ओळखपत्रे सायकलीच्या नळीत दडवून बार्ताली फ्लॉरेन्स आणि असीसीच्या दरम्यान ने-आण करीत, असे मानले जाते. त्या साहाय्यासाठी 'याद वाशेम' या संस्थेने २०१३ मध्ये त्यांचा मरणोत्तर गौरव केला, जरी काही इतिहासकारांनी पुराव्यांविषयी शंका उपस्थित केल्या आहेत. त्या काळी खडीच्या रस्त्याने जाणे ही निवड नव्हती. दुसरा रस्ता नव्हता. आज कोणी हजारो युरो मोजून तीच खडी निवडतो. निवड आणि निरुपाय यांच्यातील हे अंतर टायरच्या रुंदीने मिटत नाही.

रेमंड विल्यम्स यांनी १९७३ च्या 'द कंट्री अँड द सिटी'मध्ये दाखवले होते की प्रत्येक पिढीला खरेखुरे ग्रामजीवन आपल्या नुकतेच मागे संपले असे वाटते. त्या मागच्या पिढीकडे जावे तर तिलाही तसेच वाटत असते. हा सरकता जिना मराठी वाचकाला अपरिचित नाही. गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा' (१९५८) या कादंबरीतील बुधा मुंबईचे जिणे मागे टाकून राजमाचीला परततो. मराठी वाचकाने गेली कित्येक दशके त्या माचीवरच्या एकान्तावर प्रेम केले आहे. त्या प्रेमात लबाडी नाही. पण बुधा एकटा का, बाकीची माणसे कोठे गेली, हा प्रश्न आस्वादाच्या भरात बाजूला राहतो. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या कुशीतल्या या गावाकडे लोणावळ्याहून जाणारी सुमारे पंधरा किलोमीटरची कच्ची वाट आज सायकलस्वारांना खुणावते. तेथील रहिवाशाला विचारले तर वाट पक्की व्हावी असेच बहुधा ऐकावयास मिळेल. रात्री-अपरात्री आजारी माणसाला खाली न्यावे लागते त्याला खड्यांचे दगडपण वेगळ्याने जाणवून द्यावे लागत नाही. कोकणातील गणपतीपुरती उघडणारी कुलूपबंद घरे, त्यांच्याभोवतीच्या पाणंदी, आणि त्या पाणंदींविषयी मुंबई-पुण्यात लिहिले जाणारे ललितगद्य, यांचाही विचार याच अंगाने करावा लागेल. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत 'लेखक गावचा की शहरचा' हा प्रश्न पुष्कळ चघळला गेला. वाचक कोठून कोठे पाहत आहे, आणि त्याला दिसणारी शांतता कोणाच्या जाण्याने निर्माण झाली आहे, हा प्रश्न तुलनेने मोकळाच राहिला.

एवढे समजल्यावर स्वाराने काय करावे? सायकल टाकून द्यावी, असे म्हणणे बालिश ठरेल. रस्त्याचा इतिहास ठाऊक झाल्याने चढ सोपा होत नाही आणि उताराचा आनंदही उणा होत नाही. बदल होतो तो पाहण्यात. वळणावरचे दगडी घर 'सुंदर' वाटता वाटता त्याच्या तळमजल्याची रुंद कमान लक्षात येते, आणि ती बैलांसाठी होती हे उमगते. दोन घरांमधली वाट अशी नागमोडी का, तर दोन कुळांच्या जमिनींच्या बांधावरून ती गेली आहे. उतारावर मधूनमधून आडवे चर दिसतात. पावसाचे पाणी रस्त्याची खडी वाहून नेऊ नये म्हणून ते खणलेले असतात. पूर्वी शेतातले चर आणि कडेची गटारे मोकळी ठेवणे हे कुळाच्याच बिनमोल कामांत मोडे. आता यंत्राने खडी पसरून वरून रूळ फिरवावा लागतो, आणि त्याला पैसा लागतो. म्हणजे पांढरा रस्ता टिकवणे आता डांबरी रस्त्याइतकेच सार्वजनिक खर्चाचे, निर्णयाचे आणि वादाचे काम झाले आहे. लेरोइकाचे मोल ठरवावयाचे तर जुन्या सदऱ्यांवरून आणि मिशांवरून ठरवण्यापेक्षा या चरांवरून ठरवणे योग्य होईल.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा तेथे द्राक्षतोडीचा हंगाम, आणि स्वारांच्या गर्दीचाही. मळ्यांतून ओणवी झालेली माणसे आता तोस्कानाची असतातच असे नाही. त्यांतील कितीतरी पूर्व युरोपातून, आफ्रिकेतून, दक्षिण आशियातून आलेली असतात. अर्धेली गेली, रोजंदारी आली. द्राक्षांनी भरलेला ट्रॅक्टर समोरून येतो तेव्हा रस्ता दोघांना पुरत नाही. ट्रॅक्टरला घट्ट पट्टी सोडता येत नाही, कारण मागे वजन आहे. त्यामुळे सायकलस्वार बाजूला होतो, चाकोरीबाहेरच्या सुट्या खडीत एक पाय टेकवून उभा राहतो, आणि पांढरी धूळ खाली बसेपर्यंत थांबतो.